वस्तू परत हवी आहे का?

१ ऑक्टोबर १९९६, मंगळवार. सकाळी ९.०५
आजपासून आत्मचरित्र. त्याआधी हात मोकळा व्हावा म्हणून ही रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. माझ्यानंतर एखाद्या विद्यापीठानं मागितलीच तर एनिडनं देऊन टाकावी, उगाच आढेवेढे घेऊ नयेत.

संकल्प: रोज नवाला टेबलाशी. रोज हजार शब्द. टाईप करायला शिकणे. ख्रिसमसच्या आत पुस्तक पुरं. पुस्तकाचं नाव आत्ताच ठरलं, 'माझी ओळ'.

सकाळी १०.४०
झालेले शब्द: दोन. नावातले. पण नाव जमलं की निम्मं पुस्तक झालं असं जाणकार म्हणतात, म्हणजे आज भरपूर काम झालं. समुद्रावर फिरायला गेलो.

३ ऑक्टोबर, गुरुवार
एनिडला पुस्तकाबद्दल सांगितलं. एनिड माझी बहीण, दोन वर्षांनी मोठी, विधवा, आणि हे घर तिचं, याची ती दिवसातून एकदा तरी आठवण करून देते. तिनं विचारलं, एका ओळीवर अख्खं पुस्तक? म्हटलं, बाई, त्या एका ओळीवर अख्खा देश हसला होता. ती म्हणाली, देश हसला, मान्य. पण तुझं काय त्यात? बायकांना कॉमेडी कळत नाही.

विद्यापीठासाठी नोंद करून ठेवतो. 'फलाट नंबर चार' ही मालिका आमची. म्हणजे मी, सिरिल थ्रेलफॉल, आणि वॉल्टर एन्ट्विसल. नावं पडद्यावर 'एन्ट्विसल आणि थ्रेलफॉल' अशी यायची. त्याला कारण गुणवत्ता नाही, बाराखडी. रेल्वे स्टेशनवरची हरवलेल्या सामानाची कचेरी, तिथला एक रडतराऊत कारकून, आणि खिडकीशी येणारी माणसं. दुसऱ्या वर्षी त्यात एक बाई येते. म्हणते, पाच-चाळीसच्या गाडीत माझा नवरा विसरलाय. कारकून हूं की चूं करत नाही. फॉर्म काढतो. वस्तू? नवरा, एक. रंग? राखाडी. अवस्था? वापरलेली. आत काय काय होतं? दोन बाटल्या बिअर. मग तो शेवटच्या रकान्याशी येतो, चष्मा वर सरकवतो आणि विचारतो, वस्तू परत हवी आहे का?

बाई तोंड उघडते, मिटते, आणि विचार करायला बाकावर जाऊन बसते.

हशा चौतीस सेकंद. मी स्वतः घड्याळ लावलं होतं. आजही लोक मला मटणवाल्याच्या दुकानात हे विचारतात. छत्री विसरली तरी विचारतात. पंचवीस वर्षं झाली.

ती ओळ माझी.

७ ऑक्टोबर, सोमवार
प्रकरण पहिलं: 'ओळीचा जन्म'. लिहायला घेतलं. १९७१चा वसंत, बोल्टन स्टेशन, संध्याकाळचं ऊन, फलाटावर एक बाई रिकाम्या गाडीकडे बघत उभी, आणि माझ्या मनात वीज चमकली. सुरेख. पण मग आठवलं, की आम्ही लिहायचो ती खोली फिश-चिप्सच्या दुकानावर होती आणि तिच्या खिडकीतून दिसायची फक्त भिंत. स्टेशन मैलभर लांब. वाचकाला काय कळतंय म्हणा. तरी उद्या बघू.

टाईप करायला शिकण्याचं पुढच्या आठवड्यावर. दोघांत टाईप करायचा तो वॉल्टर. मी येरझारा घालायचो. लेखकांच्या जोड्यांत असंच असतं: एकजण बसतो, एकजण चालतो. चालणारा विचार करतो, बसणारा उतरवून घेतो. हे लोकांना समजावून सांगावं लागतं. एनिड म्हणते, येरझारा घालून लेखक होता आलं असतं तर आपल्या पोस्टमनला सगळे पुरस्कार मिळाले असते.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.१५
पाकीट आलं. बोल्टनचा शिक्का. पत्ता टाईप केलेला, आणि माझ्या आडनावातलं 'आर' ओळीच्या वर एक पायरी चढून बसलेलं. ते यंत्र मी झोपेतही ओळखीन. एकोणीस वर्षांत वॉल्टरची एक ओळ नाही, ख्रिसमसचं कार्ड नाही, आणि मी पुस्तक सुरू करतो तोच आठव्या दिवशी पाकीट! त्याला कुठून तरी वास लागला. कायदेशीर धमकी आहे, दुसरं काय असणार? ओळीवर हक्क सांगणार. पाकीट घड्याळामागे ठेवलं. उघडलं की मिळाल्याची पोच दिल्यासारखं होतं, असं ऐकून आहे.

रात्री
एनिड म्हणते, नोटीस इतक्या पातळ पाकिटात येत नाही. तिच्या नवऱ्याला तीन आल्या होत्या. म्हटलं, तुझा नवरा भंगारवाला होता. हा लेखकांचा मामला आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
मॅरियनचा फोन. वॉल्टरची मुलगी. शेवटची पाहिली तेव्हा महाविद्यालयात होती, आता आवाज तिच्या आईसारखा झालाय. सिरिल काका, म्हणाली. मला काका म्हणणारं जगात दुसरं कुणी नाही, त्यामुळे क्षणभर वाटलं राँग नंबर आहे.

वॉल्टरच्या फुप्फुसात काहीतरी निघालंय. जे निघतं तेच. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमस बघतील असं धरून चालू नका. पलंग पुढच्या खोलीत आणलाय, रस्ता दिसतो म्हणून. मग तिनं विचारलं, बाबा विचारतायत, पत्र मिळालं का?

सावध झालो. म्हटलं, मिळालं. विचार करतोय.

ती म्हणाली, विचार? मग म्हणाली, बरं काका, सांगते तसं.

आजारी माणसाला 'पत्र मिळालं का' अशी वकिलाची भाषा सुचावी, याचं वाईट वाटलं. पण मी मोठ्या मनाचा माणूस आहे. जायचं ठरवलं आहे. बोल्टन काही सातासमुद्रापार नाही, प्रेस्टनला गाडी बदलली की सव्वा तासात. बुधवारी जाईन.

१६ ऑक्टोबर, बुधवार
बूट चांभाराकडे.

१९ ऑक्टोबर, शनिवार
बूट आले. पण शनिवारी फुटबॉलची गर्दी असते. शिवाय आजारी माणसाकडे हात हलवत जाऊ नये, आणि आत काय बोलायचं तेही नक्की हवं. पहिलं वाक्य हाताशी असलं की पुढचं आपोआप येतं.

इथे मोकळेपणानं लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. (विद्यापीठानं हे पान गाळावं.) जोडीनं लिहिणाऱ्यांचा एक नियम असतो: कुठली ओळ कुणाची, हे खोलीच्या बाहेर सांगायचं नाही. आईनंसुद्धा विचारलं तरी नाही. वॉल्टर हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. दिग्दर्शक विचारायचे, हे भन्नाट कुणी लिहिलं? वॉल्टर म्हणायचा, आपण. खोलीत आम्ही दोघंच असलो तरी म्हणायचा, बघ रे, काय लिहिलंय आपण. एकदा मी अख्खी सकाळ झोपा काढल्या आणि त्यानं सतरा पानं टाईप केली. उठलो तर म्हणाला, आज आपण सुटलोय बघ.

आणि १९७७ साली रेडिओवर एका पोरीनं मला विचारलं, ती ओळ कुणाची? तिचे डोळे फार टपोरे होते. मी म्हटलं, सांगू नये खरं तर... पण माझी.

वॉल्टर घरी बटाटे सोलत ऐकत होता. भांडला असता तर बरं झालं असतं. सोमवारी मी खोलीवर गेलो तेव्हा टाईपरायटरवर झाकण होतं. तो म्हणाला, सिरिल, यापुढे तुझं तू टाईप कर. यंत्र काखेत मारलं आणि जिना उतरून गेला. खालून चिप्सचा वास येत होता.

तरी मी खोटं बोललो नव्हतो, हे नमूद करून ठेवतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी ४
गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. प्रेस्टनला गाडी बदलताना लक्षात आलं की पहिलं वाक्य अजून पक्कं नाही. 'कसा आहेस' म्हणावं तर दिसतंच आहे. 'बरा दिसतोस' म्हणावं तर खोटं, आणि त्याच्यापुढे खोटं पचत नाही. फलाटावर चहा घेतला, लोण्यातला बन खाल्ला. बोल्टनची गाडी आली. गेली. दुसरी आली. ती गर्दीची होती. परत आलो.

प्रवास वाया गेला नाही. प्रकरणासाठी नवी दिशा सुचली: ओळ दाढी करताना सुचली. आरशात तोंडाला फेस, हातात वस्तरा, आणि एकदम! घरगुती, विश्वसनीय. एनिडला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एकाहत्तर साली तुला हनुवटीपासून छातीपर्यंत दाढी होती, आईच्या अंत्यविधीच्या फोटोत लोक तुलाच पाद्री समजले होते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
शब्द: शून्य. प्रकाशकाचं पोस्टकार्ड: झाल्यावर पाठवा, घाई नाही. त्यांचा उत्साह ओसंडून वाहतोय. एनिडनं घड्याळ पुसलं आणि पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, उघड की रे एकदाचं, चावत नाही ते. मी ते परत घड्याळामागे ठेवलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. या म्हणीचा इथे काय संबंध ते तिलाच माहीत.

४ नोव्हेंबर, सोमवार
मॅरियनचा पुन्हा फोन. मी आधीच सांगून टाकलं, या आठवड्यात नक्की, फक्त जरा छातीत सर्दी आहे आणि त्याच्यासारख्या नाजूक माणसाला... ती म्हणाली, काका, बाबांना सर्दीचं आता काय.

मग म्हणाली, ते विचारत नाहीत आता. पण फाटक वाजलं की मान वळवतात. काल दूधवाल्याकडे बघून हसले.

फोन ठेवल्यावर बराच वेळ जिन्यात उभा होतो. एनिडनं विचारलं, काय झालं? म्हटलं, जिन्याचा बल्ब गेलाय वाटतं. ती म्हणाली, दिवसा कोण लावतं तो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पाच नोव्हेंबर म्हणजे दरवर्षीप्रमाणे होळ्या, फटाके, गावभर धूर. माझी छाती. जाणं योग्य नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे
आता स्पष्ट कळलं. मी जात नाहीये, कारण माफी लिहून झालेली नाही. लेखकानं तोंडी माफी मागणं म्हणजे सुतारानं तोंडानं खुर्ची करणं. एकदा नीट कागदावर उतरली की जाऊन वाचून दाखवणार. बसलो आहे.

सकाळी ११
अकरा पानं. पहिल्या चार पानांत माफीच नाही, रेडिओवाल्या पोरीचा दोष किती हे आलंय. पाचव्यावर एक विनोद बरा आहे. माफी सुरू होते नवव्यावर, आणि तिथे रटाळ होते. मध्ये हशा हवा. वॉल्टर असता तर म्हणाला असता, सिरिल, वरची आठ पानं काढ. तो नेहमी वरचंच काढायचा. मी चालता चालता बोलायचो, तो मान खाली घालून टकटक करायचा, आणि पान बाहेर यायचं तेव्हा त्यात माझं बोलणं फार थोडं असायचं. पण जे असायचं ते असं काही नेमकं, की मला वाटायचं, वा, काय बोललो मी!

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. शाई पक्की आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
प्रकरण पहिलं, चौथा मसुदा. ओळ स्वप्नात आली. स्वप्नाला कुणी साक्षीदार मागू शकत नाही.

एनिड म्हणाली, स्वप्नात आली तर मग वॉल्टरनं ती टाईप कशी केली, तो पण स्वप्नात होता? मग कप खाली ठेवून म्हणाली, सिरिल, मी एकदाच विचारते, पुन्हा विचारणार नाही. ती ओळ खरंच तुझी का?

म्हटलं, चहा गार झालाय.

ती उठली आणि दुसरा करून आणला.

१८ नोव्हेंबर, सोमवार
द्राक्षं घेतली, काळी, वॉल्टरला आवडतात ती. गुरुवारी जाणार. कॅलेंडरवर गोल केला. एनिडनं माझा निळा शर्ट इस्त्री केला आणि तिकिटाचे पैसे टेबलावर काढून ठेवले, शाळेत सोडतात तसे. अकरा पानांची माफी दोन पानांवर आणली. खरं तर एका वाक्यावर येते. पण एका वाक्यासाठी सव्वा तास प्रवास करून जायचं हे बरं दिसत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
द्राक्षं टिकणार नाहीत असं वाटलं म्हणून थोडी खाल्ली.

२० नोव्हेंबर, बुधवार
उरलेली एनिडनं खाल्ली, म्हणजे मीच. बोल्टनला स्टेशनसमोर मिळतात. उद्या सकाळी ९.२०ची गाडी. बूट पॉलिश झाले. वाक्यही जमलं. मोठ्यानं तीनदा म्हणून पाहिलं: वॉल्टर, मी चुकलो, आणि मला खोलीची फार आठवण येते. ठीक वाटतंय. 'फार' काढावं का?

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी आठला मॅरियनचा फोन. काल रात्री. झोपेत गेला.

मी म्हटलं, अगं, मी आजच येणार होतो. निळा शर्ट घातलाय.

ती म्हणाली, हो काका.

एनिडनं शर्ट परत हँगरला लावला. गुरुवारीच जाणार होतो. एनिड साक्षी आहे, कॅलेंडरवर गोल आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार
काही लिहिण्यासारखं नाही. नऊला टेबलाशी बसलो. साडेदहाला उठलो. खोलीत येरझारा घातल्या, दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. मध्येच थांबून मागे वळून बघितलं, काय टाईप झालंय म्हणून. सवय आहे, दुसरं काही नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री
अंत्यविधी झाला. सगळं लिहून काढायला हवं, उद्या धीर होणार नाही.

चर्च भरलं होतं. जुने कॅमेरावाले, मेकअपवाल्या बायका. सगळे म्हातारे झालेत, एकमेकांना गळ्यातल्या मफलरवरून ओळखत होते. एनिड बरोबर होती. मी तिला म्हटलं होतं, आज सांगून टाकणार. उभा राहून, सगळ्यांसमोर. तिनं माझा हात दाबला. गेल्या कित्येक वर्षांत तिनं माझा हात रस्ता ओलांडण्याखेरीज धरलेला नाही.

पाद्री तरुण होता, मालिका सुरू झाली तेव्हा जन्मलाही नसेल. त्यानं तो प्रसंग वाचून दाखवला. नवरा, एक. राखाडी. वापरलेली. लोक आधीच हसायला लागले होते, डोळे पुसत. आणि मग ती ओळ. शवपेटीसमोर अख्खं चर्च हसलं. मी घड्याळाकडे बघितलं नाही, तरी वीस सेकंद असतील.

मग पाद्री म्हणाला, ज्यांनी ही ओळ लिहिली ते मिस्टर थ्रेलफॉल आज आपल्यात आहेत.

टाळ्या. मी उभा राहिलो. सांगायला उभा राहिलो, देवाशपथ. टाळ्या थांबवायला हात वर केला. लोकांना वाटलं मी अभिवादन करतोय, आणखी जोरात वाजवल्या. आणि माझी मान... मान आपोआप लवली. चाळीस वर्षांची सवय. मी त्याच्या पेटीसमोर वाकून टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो. एनिडनं हात काढून घेतला होता. मॅरियन स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

नंतर हॉलमध्ये हॅमचे सँडविच. मॅरियन माझ्याकडे आली. मला वाटलं आता ऐकवणार. ऐकवायला हवं होतं. ती म्हणाली, काका, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुमचा निरोप दिला ना बाबांना, सिरिल काका म्हणतात विचार करतोय, तर बाबा इतके हसले, इतके हसले, की खोकला थांबेना, मला नर्सला हाक मारावी लागली. डोळ्यांतून पाणी. मला म्हणाले, बघ, गेला बाकावर बसायला! अजून टायमिंग आहे म्हाताऱ्याचं! मग रोज म्हणायचे, उठेल गं बाकावरून, उठेल. बाई जास्तीत जास्त मिनिटभर बसते.

मला यातलं काही कळेना. कुठला बाक? मी म्हटलं, हो हो. हसलोसुद्धा.

परतताना गाडीत, प्रेस्टनच्या जरा अलीकडे, कळलं.

रात्री ११.२०
पाकीट उघडलं. एक्कावन्न दिवस घड्याळामागे होतं. आत एकच कागद. वकील नाही. मालिकेतला फॉर्म आहे, रकाने हातानं पट्टीनं आखलेले, रेघा थरथरलेल्या. बाकीचं टाईप केलेलं, प्रत्येक 'आर' वर चढलेलं. इथे उतरवून ठेवतो.

हरवलेल्या सामानाची कचेरी, फलाट नंबर चार.
वस्तू: टाईप करणारा, एक.
रंग: पूर्वी तांबूस, हल्ली राखाडी.
अवस्था: वापरलेली. भाता फुटका.
कुठे हरवली: बोल्टन, चिप्सच्या दुकानावर, १९७७.
आत काय काय होतं: पुष्कळ. राग नाही, तो कधीच सांडला.
मालकाचं नाव: सि. थ्रेलफॉल.
वस्तू परत हवी आहे का?

तिथे जागा मोकळी सोडली आहे. खाली बारीक अक्षरात: उत्तर लवकर द्यावे. ही कचेरी ख्रिसमसच्या आत कायमची बंद होत आहे.

पुन्हा वाचलं. सवयीनं पेन्सिल घेतली, कुठला शब्द काढता येईल बघायला. एकही नाही. त्याच्यात कधीच नसायचा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९
प्रकरण पहिलं. 'ओळीचा जन्म'. पाचवा आणि शेवटचा मसुदा.

शुक्रवार होता, दुपार. मी चालून चालून थकलो होतो, काही सुचत नव्हतं. म्हटलं, चिप्स घेऊन येतो. खाली रांग होती, माझ्यापुढे सात माणसं. वर टकटक ऐकू येत होती, मग थांबली. दोघांच्या चिप्स घेतल्या, त्याच्यावर व्हिनेगर जास्त. वर आलो तेव्हा ओळ कागदावर होती. मी वाचली आणि हसता हसता चिप्स सांडल्या. तो जमिनीवर बसून वेचत होता. मी म्हटलं, वॉल्टर, हे कसं सुचलं रे तुला? तो म्हणाला, तुला नाही, मला नाही. बघ तरी, काय लिहिलंय आपण.

एवढंच. पुस्तक संपलं. एनिडला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, हे चांगलंय सिरिल. हे पाठव. मी म्हटलं, प्रकाशक म्हणेल फारच छोटं आहे. ती म्हणाली, असू दे. मॅरियनला पाठव.

दुपारी १
मॅरियनचं पाकीट पोस्टात टाकून आलो. फॉर्म टेबलावरच आहे. मोकळ्या जागेत 'होय' लिहिलं. यंत्र नाही, म्हणून हातानं. अक्षर जरा वाकडं आलंय. शाई वाळेपर्यंत बसलो. वाळली. घडी घातली, कोट चढवला, दारापर्यंत नऊ पावलं गेलोसुद्धा.

आता हा द्यायचा कुठल्या खिडकीवर?